जांभूळवळणाचा सरकारी खड्डा

डोंगराच्या पायथ्याशी आणि निवडणुकीच्या तोंडाशी वसलेलं एक जंगल होतं. जंगलात झाडं होती, झाडांखाली प्राणी होते आणि प्राण्यांखाली फटफट्या होत्या. पूर्वी तिथले प्राणी चालत असत. पण चालणारा प्राणी मागासलेला असतो, असं एका सरकारी भिंतीवर रंगवून आलं, तेव्हापासून सशापासून सांबरापर्यंत सगळ्यांनी फटफट्या घेतल्या. आता त्या फटफट्यांखाली रस्ता यायचा तेवढा राहिला होता, आणि ते काम सरकारकडे होतं.

राजा होता बगळा. जमिनीवरच्या प्राण्यांनी उडणारा राजा का निवडला, असं परक्या जंगलातले पाहुणे विचारत. त्याचं कारण म्हणजे बगळ्याचं भाषण.

"बंधू-भगिनींनो," तो एका पायावर उभा राहून म्हणाला होता, "रस्त्यावरून जाणाऱ्याला पुढची चार हात जमीन दिसते. मला वरून अख्खा रस्ता दिसतो. रस्त्याचा विकास करायचा तर आधी रस्त्यापासून वर उठलं पाहिजे."

शिवाय त्याचे कपडे. राज्यात एवढा चिखल असून ज्याच्या अंगावर एक शिंतोडा नाही तो किती स्वच्छ असेल, असं सगळ्यांना वाटलं. जो चिखलात उतरतच नाही त्याच्या अंगावर शिंतोडा येणार कुठून, हा विचार करायला कुणाला सवड नव्हती, कारण सभेनंतर जेवण होतं.

त्या जंगलात एक जुनी चाल होती. कुठलंही काम सुरू करताना कवठ फोडायचं आणि काम संपलं की दुसरं फोडायचं. दोन कवठांच्या मध्ये काम करायचं असतं, हे पूर्वीच्या लोकांना ठाऊक होतं. पण होता होता कवठालाच महत्त्व आलं. पहिलं फुटलं की काम मंजूर आणि दुसरं फुटलं की काम पूर्ण, असा कायदाच झाला. ज्याने पहिलं कवठ फोडलं, त्याच्या परवानगीवाचून त्या जागेला कुणी हात लावायचा नाही. फुटलेली करवंटी उचलणं अशुभ, म्हणून ती रस्त्यातच राहायची. तिच्यावरून चाक घसरलं तर त्या स्वाराची श्रद्धा कमी पडली असं समजत.

या जंगलात गोदाक्का साळिंदर राहायची. बाई साधी, तोंडाने जरा फटकळ, आणि काटे असूनही कुणाला न टोचणारी. तिचं घर जांभूळवळणाच्या वरच्या अंगाला होतं, आणि वळणाच्या अगदी पोटात एक खड्डा होता. पाण्याने भरला की तो रस्त्यासारखाच दिसे, किंबहुना रस्त्यापेक्षा गुळगुळीत दिसे. गोदाक्काचा नवरा सखोबा मध विकून फटफटीवरून घरी येत असताना त्या खड्ड्यात गेला आणि तिथेच संपला. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'खड्डा जागच्या जागी होता. मयत स्वतः त्याच्याकडे गेला.'

सखोबाची फटफटी ठोकूनठाकून सरळ झाली. ती आता त्याची लेक तानी चालवायची. तानी सुईण होती. पलीकडच्या खोऱ्यातून निरोप आला की तिला निघावंच लागे, कारण बाळं काही रस्ता होईपर्यंत थांबत नाहीत. जायची वाट एकच, जांभूळवळणावरून. फटफटीचा आवाज वळणापुढे गेला की गोदाक्काच्या जिवात जीव यायचा आणि परतीच्या वेळेला तो पुन्हा टांगणीला लागायचा. नवरा गेला होता, पण लेकीला त्या खड्ड्यात जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

म्हणून ती दरबारात गेली.

"महाराज, मला रस्ता नगं," ती म्हणाली. "रस्ता तुमच्या सवडीनं करा. तेवढा वळणावरचा खड्डा बुजवून द्या. पाच-धा पाट्या मुरूम लागंल, जास्त न्हाई."

राजाने डोळे मिटले आणि एक पाय वर घेतला. बगळा ध्यानाला लागला की कुणीतरी गिळलं जाणार, हे त्या राज्यातल्या माशांना माहीत होतं. मतदारांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"गोदाक्का," राजा डोळे उघडून म्हणाला, आणि ते डोळे खरोखर ओले होते, "सखोबांच्या बलिदानाची किंमत आम्ही पाच-दहा पाट्या मुरूम करायची? एवढं कोत्या मनाचं हे सरकार नाही. आम्ही या खड्ड्यासाठी भरघोस निधी देतो."

"भरघोस नगं, महाराज. मुरूमच द्या."

पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि लेखनिक सुगरणीने 'भरघोस' हा शब्द विणून टाकला होता.

निविदा निघाली. अट एकच होती, की कंत्राटदाराला खड्ड्यांचा दांडगा अनुभव असावा. रावसाहेब रानडुक्कर लहानपणापासून कंदमुळांसाठी मुसंडीने रस्ता उकरत आलेले. राज्यातला एकही खड्डा असा नव्हता, ज्याची त्यांना जातीने ओळख नाही. काम त्यांना मिळालं.

जांभूळवळणावर मांडव पडला. राजा हवेतून उतरला आणि गालिच्यावर उभा राहिला. घोषणा द्यायला बेडूक होते. ते खड्ड्यातच राहत असल्यामुळे त्यांना आणण्या-नेण्याचा खर्च वाचला. 'एकच राजा, एकच ध्यास, खड्ड्यापासून खड्ड्यापर्यंत विकास' असं ते एका सुरात ओरडले. राजाने कवठ फोडलं. भाषण झालं, जेवण झालं आणि करवंटी वळणावर पडली. त्या दिवसापासून तो खड्डा सरकारी झाला.

मग खर्चाला सुरुवात झाली. आधी वळणावर कमान उभी राहिली. तिच्यावर पंख पसरलेल्या राजाचं चित्र होतं, आणि पंख मोठे असल्यामुळे कमान मोठी करावी लागली. तिच्या खांबांनी रस्त्याच्या दोन्ही कडा खाल्ल्या. पूर्वी जाणते स्वार खड्ड्याच्या कडेकडेने फटफटी काढत असत. आता कडाच न उरल्यामुळे सगळ्यांना समान न्यायाने खड्ड्यातून जावं लागे. मग कमानीवर दिवे बसवले, ते थेट स्वाराच्या डोळ्यांत येत. मग 'सावधान' असा फलक लागला. त्यावर राजाचं नाव, रावसाहेबांचं नाव, निधीचा आकडा, दोन सुविचार आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'पुढे खड्डा आहे' असं लिहिलं होतं. वाचणारा तिथपर्यंत येईतो खड्ड्यात पोचलेला असे.

गोदाक्का पुन्हा दरबारात गेली. तिच्या तक्रारीची दखल घेऊन राजाने हवाई पाहणी केली. पाऊस नुकताच पडून गेला होता. पाहणीच्या अहवालात म्हटलं होतं, 'खड्डा काठोकाठ भरलेला आढळला.'

पाहणीनंतर राजा थोडा वेळ खड्ड्याकाठी थांबला आणि बेडकांशी त्याने हितगुज केलं. अशा भेटीनंतर एखाद-दुसरा बेडूक दिसेनासा होई. त्याला वर कुठेतरी पद मिळालं असं बाकीचे समजत, आणि पुढच्या भेटीला ते आणखी पुढे पुढे करत.

पडणारे वाढले, तेव्हा रस्ता सुरक्षा मंत्री पुढे आले. मंत्री होते कासव. त्यांनी प्रत्येक स्वाराने डोक्यावर कवटी, म्हणजे टणक टोपी, घालावी असा हुकूम काढला, आणि हुकूम म्हणून तो काही वाईट नव्हता. पण एकच माप ठरलं, ते कासवाच्या डोक्याचं. सशाचे कान मावेनात, सांबराची शिंगं मावेनात, आणि तानीच्या काट्यांवर तर ती कवटी ताटलीसारखी डुगडुगायची. न घालणाऱ्याला वळणावरच दंड होई. दंड घेणारा शिपाई आडोशाला नेमका खड्ड्यापाशी उभा राहायचा, कारण तिथे स्वार आपोआप थांबत असत.

"मी जन्मापासून रस्त्यावर आहे," मंत्री सभेत सांगत. "एक ओरखडा नाही. का? शिस्त."

"सायेब," गोदाक्का मागून म्हणाली, "तुम्ही आजून आमच्या वळणापतुर पोचलाच न्हाईत."

तिला सभेबाहेर नेण्यात आलं. ती बाहेर गेल्यावर मंत्र्यांनी वार्षिक अहवाल वाचला. सुरक्षिततेवर गेल्या वर्षी जेवढा खर्च झाला त्याच्या दुप्पट यंदा झाला, त्या अर्थी प्रजा दुप्पट सुरक्षित आहे. पडणाऱ्यांची संख्याही दुप्पट आहे खरी, परंतु ते आता पूर्वीपेक्षा अधिक खर्चाने पडत आहेत.

त्या आठवड्यात तानी खड्ड्यात जाता जाता वाचली. हँडल वाकडं करून घरी आली आणि हसत म्हणाली, "आई, आज बाबांना भेटूनच आले असते." गोदाक्काने तिच्यापुढे भाकरी ठेवली आणि परसात जाऊन रडली. मग तिने पदर खोचला आणि कुदळ उचलली.

साळिंदराला जमीन उकरायला शिकवावं लागत नाही. घरामागच्या टेकाडातून तिने मुरूम काढला, शेजारच्या दोन बायकांना हाताशी धरलं आणि खड्डा भरून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून सपाट केला. वळणावरच्या करवंट्याही तिने उचलून ओढ्यात टाकल्या. कवठ फोडलं नाही, भाषण केलं नाही. बिनकवठाचं काम त्या जंगलात कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. फक्त वळणावर पडायचं थांबलं.

"आई, आज वळणावर ब्रेकच मारला नाही," तानीने एके दिवशी सांगितलं. गोदाक्काला इतका आनंद झाला की तिने लेकीला दोनदा वाढलं.

पण सरकार झोपलेलं नव्हतं. एका सकाळी राजा न्याहारीच्या, म्हणजे पाहणीच्या वेळी वळणावर उतरला आणि त्याला खड्डा सापडेना. विस्थापित बेडूक रस्त्याकडेला धरणं धरून बसले होते. 'आमचा खड्डा, आमचा हक्क,' ते ओरडत होते. शिपायाने सांगितलं की स्वार थांबेनासे झाल्यामुळे दंड बसत नाही. रावसाहेबांनी सांगितलं की खड्डाच नाही म्हटल्यावर खड्डा बुजवण्याचा उरलेला निधी परत जाणार. राजाने दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, यावरून प्रसंग किती गंभीर होता हे कळावं.

गोदाक्काला दरबारात उभं केलं. आरोप होता, सरकारी खड्ड्याची नासधूस.

"हा खड्डा तुम्ही बुजवलात?" राजाने विचारलं.

"व्हय."

"कवठ फोडलं होतं का?"

"न्हाई. मुरूम टाकला."

दरबारात हळहळ पसरली. राजा अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "गोदाक्का, तो खड्डा आम्ही भरणारच होतो. आमच्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवला नाहीत. तुम्ही मुरूम रस्त्यात टाकला नाही, लोकशाहीच्या तोंडात टाकलात."

"महाराज, तवापास्नं एकजण पडला न्हाई तिथं."

"तेच तर," कासव मंत्री उठत म्हणाले, आणि ते पुरते उठेपर्यंत दरबार थांबला. "पडलं कुणी नाही, तर सुरक्षेची गरज कशी सिद्ध करायची? गरज नाही तर निधी नाही. निधी नाही तर सुरक्षा नाही. बाई, तुम्ही अख्ख्या राज्याची सुरक्षा धोक्यात घातलीत."

"माझी लेक त्या वाटंनं जाती," गोदाक्का म्हणाली. तिला कायदा येत नव्हता, म्हणून तिने हे एकच वाक्य पुन्हा म्हटलं. "माझी लेक त्या वाटंनं जाती."

राजाने मोठ्या मनाने तिला शिक्षा केली नाही. फक्त हुकूम दिला की खड्डा पूर्ववत करावा, म्हणजे तो नियमानुसार, सन्मानाने आणि कवठ फोडून बुजवता येईल. रावसाहेबांनी हे काम अंगावर घेतलं आणि खरं सांगायचं तर त्यांच्या कारकिर्दीत एवढं चोख काम झालं नव्हतं. मुसंडी लावली आणि दुपारच्या जेवणाआधी खड्डा तयार. मूळ माप कुणाच्या लक्षात नसल्यामुळे त्यांनी थोडा सढळ हाताने केला. बेडूक वाजतगाजत आत गेले. लगेच बुजवायचंही ठरलं होतं, पण कवठ हातात घेतलं आणि निवडणूक जाहीर झाली. निवडणूक संपेपर्यंत सरकारला काहीच काम करता येत नाही, आणि या नियमाचं त्या सरकारने नेहमीच काटेकोर पालन केलेलं होतं.

तानी त्या दिवशी खोऱ्यात होती. एका भेकराच्या घरी बाळ आडवं आलं होतं, म्हणून तिला तिथेच मुक्काम करावा लागला. गोदाक्काने सांगावा धाडायला कुणी मिळतंय का पाहिलं, पण सगळी फटफटीवाली मंडळी प्रचाराच्या फेरीत होती. मग ती स्वतःच वळणाकडे धावत सुटली. साळिंदराची धाव ती किती. वरच्या अंगाला असतानाच तिला लेकीच्या फटफटीचा आवाज ऐकू आला. बाळबाळंतीण सुखरूप होती, तानी खुशीत होती आणि आता वळणावर ब्रेक मारायची तिची सवय गेली होती.

आवाज वळणाशी आला आणि थांबला.

तानी वाचली. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली असा चिरडला की वैद्यांनी तो ठेवला हेच खूप. गोदाक्का लेकीच्या उशाशी बसून राहिली. आपण खड्डा बुजवला नसता तर पोरगी जपून आली असती, हा विचार तिला खात होता. राज्यात कुणालाही न लागलेली टोचणी तेवढी तिच्या वाट्याला आली होती.

निवडणूक जवळ असल्यामुळे राजाने सांत्वनाला यायचं ठरवलं. पण गोदाक्काचं अंगण उंचसखल, आणि राजाचे पाय काडीसारखे बारीक. उतरताना मुरगळले तर? सकाळीच रोलर आला, खडी आली, डांबराची पिंपं आली. रोलर येताना वळणावर खड्ड्यापाशी थांबला, कमानीबाहेरची झुडपं तुडवत अतिशय जपून त्याला वळसा घालून पुढे गेला. दुपारपर्यंत गोदाक्काच्या दारात डांबराचं एक गोल वर्तुळ तयार झालं. पातळी लावून पाहावी इतकं सपाट, वर हात फिरवावा तर खडा लागू नये. हेच रावसाहेब, हाच रोलर, आणि हेच हात. गोदाक्का दारात उभी राहून बघत होती. इतकी चांगली डांबरी जागा तिने जन्मात पाहिली नव्हती.

काम संपलं तेव्हा मुरमाचा एक ढीग उरला होता.

"रावसाहेब," ती म्हणाली, "जाता जाता तेवढा खड्ड्यात टाका की."

"आक्का, जीव तुटतो हो," रावसाहेब म्हणाले. "पण हा मुरूम दौऱ्याच्या खात्यातला. रस्त्याच्या खात्यात टाकता येत नाही. आम्हालाही नियम आहेत."

राजा उतरला. पांढऱ्या कपड्यांवर एक डाग नव्हता. त्याने तानीच्या डोक्यावरून पंख फिरवला, चित्र काढणाऱ्यांसाठी तो पंख थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "ही केवळ तुमची लेक नाही, ही या राज्याची लेक आहे. हिचा पाय हा राज्याचा पाय आहे."

"महाराज, येक मागू?" गोदाक्का म्हणाली.

"मागा."

"हितनं वळणापतुर माझ्यासंगं पायी चला. जास्त न्हाई, हाकेवर हाय. खड्ड्याच्या काठाला हुबं ऱ्हाऊन बघा आन् मग जावा."

राजाची सुरक्षा अधिकारी, एक टिटवी, लगबगीने पुढे आली. "ते शक्य नाही. आमच्या खात्याचा स्पष्ट अहवाल आहे. तो रस्ता महाराजांच्या जिवाला धोकादायक आहे."

"आन् आमच्या?"

टिटवीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तुमच्याविषयी अहवाल मागवलेला नाही."

राजा वर्तुळाच्या मधोमध उभा राहिला, पंख पसरले आणि वर गेला. त्याची सावली वळणावरून सरकली, खड्ड्यावर क्षणभर थांबली, आणि खाली बेडकांनी जयजयकार केला.

आता तानी त्या वर्तुळावर चालायला शिकते. काखेत कुबडी घेऊन गोल गोल फिरते, कारण अख्ख्या जंगलात कुबडी न अडकता टेकेल अशी जागा तेवढीच. गोदाक्का उंबऱ्यावर बसून बघते. पलीकडच्या खोऱ्यात आता बाळं सुईणीवाचून होतात, काही होत नाहीत. शेजारपाजारचे प्राणी येतात, वाकून डांबराला हात लावतात आणि म्हणतात, "गोदाक्का, नशीब काढलंस बाई. सरकार दारात आलं." अलीकडे तिच्या पाठीवरचे काटे सारखे उभे असतात, एवढाच काय तो फरक.

वर्तुळाची कीर्ती राज्यभर पसरली. प्रत्येक दारात असं डांबर हवं, अशी मागणी सुरू झाली, आणि जनतेची मागणी डावलणारं ते सरकार नव्हतं. 'दारोदारी डांबर' योजना जाहीर झाली. अर्जाबरोबर घरातलं कुणीतरी सरकारी खड्ड्यात पडल्याचा दाखला जोडायचा, एवढी एकच अट आहे. जांभूळवळणावर सध्या फटफट्यांची मोठी रांग लागली आहे, आणि एकही पात्र कुटुंब योजनेपासून वंचित राहू नये म्हणून पडण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवण्यात आली आहे.